गॅस गेला कुठं?

मी एक जुनी मोटारगाडी आहे. कधीकाळी दुधासारखी पांढरी होते. सोलापूरच्या उन्हाने आता टपावरून हात फिरवला तर चुन्यासारखा रंग बोटांना लागतो. माझ्याहून देखण्या आणि वेगवान गाड्या रस्त्यावर पुष्कळ आहेत. पण मित्रांनो, एका मुलीचा जीव माझ्या गार हवेवर टांगलेला होता आणि ती हवा भर उन्हात बंद पडली, असा दिवस त्यांच्यापैकी कितीजणींनी पाहिला असेल? मी पाहिला आहे. तोच तुम्हाला सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझी ऐट वेगळीच होती. माळशिरसच्या उदयसिंह नावाच्या बागायतदाराने मला घेतले. त्या काळी गावात एसीची गाडी म्हणजे अप्रूप. चौकात उभी राहिले की लोक काहीतरी निमित्त काढून आत बसायचे, जाळीपुढे हात धरायचे आणि म्हणायचे, "लई गार हाय की ओ!" बटण दाबले की माझ्या पोटात टक् असा आवाज व्हायचा, कॉम्प्रेसर फिरू लागायचा आणि क्षणात गारवा पसरायचा. तो टक् आवाज म्हणजे माझा अभिमान होता.

पुढे उदयसिंहांनी मोठी गाडी घेतली. मला खताच्या पोत्यांशेजारी शेडमध्ये ढकलले. एका कोंबडीने माझ्या मागच्या सीटवर अंडी घातली, ती उबवली आणि पिल्ले घेऊन निघूनही गेली. कोणाला पत्ता नव्हता.

अशाच एका दिवशी सोलापूरहून हणमंत आले. ते चादरीच्या कारखान्यात यंत्रमाग दुरुस्त करायचे. त्यांनी टायर पाहिले नाहीत, पत्रा ठोकून पाहिला नाही. एसी लावायला सांगितला आणि किती तरी वेळ जाळीपुढे तळहात धरून बसून राहिले. मग म्हणाले, "घेतो."

त्यांची मुलगी संघप्रिया. जन्मापासून तिच्या अंगाला घामच येत नाही. तुम्हा-आम्हाला ती गंमत वाटेल, पण घाम हा शरीराचा गारवा असतो. तो नसेल तर उन्हात अंग तापत जाते, तापतच जाते, आणि माणूस जिवाला मुकू शकतो. म्हणून मार्च उजाडला की संघप्रियाला घरात कोंडून घ्यावे लागे. अंगावर ओला टॉवेल, समोर कूलर आणि दाराला कडी.

मी आले आणि ती कडी निघाली. ती कॉलेजला जाऊ लागली. एप्रिलमधली जयंतीची मिरवणूक तिने पहिल्यांदा पाहिली ती माझ्या काचेतून. बाहेर ढोल-ताशांचा दणका चालला होता, निळा गुलाल उडत होता आणि ही माझ्या सीटवर बसून आईच्या मांडीवर ठेका धरत होती. पुढे ती मला चालवायलाही शिकली. मित्रांनो, इतके कोणाच्या उपयोगी पडावे, याहून गाडीला आणखी काय हवे असते?

पण दर उन्हाळ्यात माझा गारवा थोडा थोडा कमी होऊ लागला. हणमंत मला जवळच्या एका मेकॅनिककडे न्यायचे. तो बॉनेट उघडून नीट बघायचाही नाही. "जुनी गाडी हाय. गॅस उडतोच. भरून देतो की." नळी लावायची, गॅस सोडायचा, झाले. हणमंतही घाईत असत, कारण मी गॅरेजमध्ये राहिले तर त्या दिवशी संघप्रिया पुन्हा कडीमागे. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला, तिसरा आला. मला बोलता आले असते तर मी ओरडून सांगितले असते की, पेट्रोल जळून संपते तसा हा गॅस संपत नाही. बंद नळ्यांमधून तो गोल गोल फिरतो, आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. तो कमी झाला याचा अर्थ एकच, मला कुठेतरी छिद्र पडले आहे. पण माझे कोण ऐकणार?

याच मे महिन्यात संघप्रियाला नातेपुत्याच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियनची नोकरी लागली. हणमंतांच्या मनात नव्हते. "तितं एकटी राहायचं? उन्हाळ्यात? न्हाय जमायचं."

"पप्पा, खोली दवाखान्याच्या आवारातच हाय. बाकी जाण्यायेण्याला गाडी हाय की," ती म्हणाली.

शेवटी हजर होऊन त्याच दिवशी परतायचे, असे ठरवून तिघे निघाले: हणमंत, तिची आई येसूबाई आणि ती. दोनच दिवस आधी गॅस भरून घेतला होता. पहाटेच्या गारव्यात आम्ही पोचलो, ती हजर झाली. पण साहेबांची सही व्हायला दुपार झाली. बाहेर नुसता जाळ पेटला होता.

येसूबाई म्हणाल्या, "ऊन उतरू द्या, मग निघू."

"परवाच गॅस भरलाय," हणमंत म्हणाले. "गारेगार जाऊ."

माळशिरस मागे पडले आणि माझ्या पोटातला टक् आवाज विचित्र होऊ लागला. टक्, लगेच बंद. पुन्हा टक्, पुन्हा बंद. गॅस फार कमी झाला की कॉम्प्रेसर स्वतःला वाचवण्यासाठी फिरायचा थांबतो. थोड्या वेळाने तो थांबलाच. जाळीतून गरम वारा येऊ लागला.

हणमंतांनी बटण दाबून पाहिले. पुन्हा दाबले. मुठीने ठोकले. मग काचा खाली केल्या, तर बाहेरचा वारा भट्टीच्या तोंडासारखा आत घुसला. येसूबाईंनी टॉवेल भिजवून मुलीच्या डोक्यावर टाकला. पाहता पाहता तो वाळला. बाटल्यांमधले पाणीही कोमट झाले होते.

"काही होत नाही आई," संघप्रिया आधी हसून म्हणाली. मग ती गप्प झाली. तिचा चेहरा लालभडक झाला. हणमंत माझा वेग वाढवत होते. मी जुनी, माझे सगळे सांधे थरथरत होते, तरी मी पळत होते.

"संघा, पाणी पी बाळा," येसूबाई म्हणाल्या.

"आई, काच लाव ना," ती जड जिभेने म्हणाली. "लई थंडी वाजतेय."

येसूबाईंच्या तोंडचे पाणी पळाले. "गाडी थांबवा! पोरगी भलतंच बोलाय लागली. थांबवा म्हणते न्हवं!"

"थांबवून काय करू? सावली न्हाय कुटं!"

"सावली नगं, पाणी बघा!"

तेवढ्यात उसाच्या फडाशेजारी एक हौद दिसला. विहिरीवरची मोटार चालू होती आणि मनगटाएवढी पाण्याची धार हौदात पडत होती. हणमंतांनी मला बांधावर चढवले, दार उघडून धावले आणि हौदाच्या काठाशी जाऊन एकदम थबकले. वस्तीवरून एक बाई येत होत्या. हणमंतांच्या पिढीला दुसऱ्याच्या पाण्याला हात लावण्याआधी विचारायची सवय लागलेली आहे. ती का लागली, हे तुम्ही मोठ्यांना विचारा. ते म्हणाले, "बाई, पोरगीला जरा पाणी..."

त्या बाई म्हणजे बजाबाई. त्यांनी माझ्या उघड्या दारातून आत एक नजर टाकली आणि ओरडल्या, "इचारत काय बसलाय? उचला तिला! टाका हौदात!"

दोघींनी मिळून तिला उचलले आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसवले. बजाबाईंनी डोक्यावर घागरीमागून घागर ओतली, घरातला बर्फ फडक्यात बांधून आणला. हणमंतांनी रुग्णवाहिकेला फोन लावला. मी उन्हात दार उघडे टाकून उभी होते. मित्रांनो, मला फक्त एकच काम दिले होते, आणि ते काम एक हौद करत होता.

रुग्णवाहिका येईपर्यंत संघप्रियाने डोळे नीट उघडले होते. आईकडे पाहून तिने विचारले, "मी पाण्यात कशी आले?" येसूबाईंनी तिला पाण्यातच मिठी मारली आणि त्या रडू लागल्या.

दवाखान्यात सलाईन लावली. अंग वेळेत गार केले म्हणून निभावले, असे डॉक्टर म्हणाले. ऊन कलल्यावर तिघे मला न्यायला आले. हणमंतांनी माझ्या बॉनेटवर हात आपटला.

"ही भंगारात घालायची. आन् नोकरीचा राजीनामा लिहून टाकायचा. पोरगी वाचली, बास झालं."

संघप्रिया दाराला टेकून उभी होती. आवाज बारीक होता, पण ठाम होता. "घाला भंगारात. पण आधी एक सांगा पप्पा. परवा भरलेला गॅस गेला कुठं?"

हणमंतांनी बॉनेटवरचा हात काढून घेतला.

"मागावर सूत सारखं तुटत असलं, तर तुमी नुसती गाठ मारत बसता, का कशानं तुटतंय ते बघता?"

 दोन दिवसांनी, सकाळच्या गारव्यात, हणमंतांनी मला अक्कलकोट रस्त्यावरच्या शंकरप्पांच्या गॅरेजमध्ये आणले. शंकरप्पा फक्त गाड्यांच्या एसीचीच कामे करायचे. संघप्रिया आणि येसूबाई सोबत होत्या.

"गॅस भरायचा का?" शंकरप्पांनी विचारले.

"नको," संघप्रिया म्हणाली. "आधी गळती शोधायची."

शंकरप्पांनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "शोधतो की. पण आधीच सांगतो ताई, कॉम्प्रेसर आतनं फुटला असंल, तर ह्या गाडीचा पार्ट आता मिळत न्हाय. मग माझ्या हातात काही न्हाय."

"तसं निघालं, तर गाडी हितंच सोडायची," हणमंत म्हणाले. "आन् नोकरी बी. कबूल?"

संघप्रियाने वडिलांकडे सरळ पाहिले. "कबूल."

शंकरप्पांनी उरलासुरला गॅस यंत्राने ओढून घेतला. हवेत सोडला नाही, कारण तो हवेला घातक असतो. मग माझ्या नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरला आणि दाब दाखवणारे घड्याळासारखे एक यंत्र जोडले. सगळे त्याच्या काट्याकडे बघत राहिले. काटा हळूच खाली सरकला.

साबणाचा फेस घेऊन त्यांनी आधी कॉम्प्रेसर पाहिला. बुडबुडा नाही. एकेक सांधा पाहिला. नाही. आणि काटा मात्र उतरतच होता. पत्र्याचे छप्पर तापू लागले. येसूबाईंनी मुलीच्या मानेवर ओला टॉवेल टाकला.

"वरनं तर काय दिसत न्हाय," शंकरप्पा कपाळ पुसत म्हणाले. "आतनंच असावी."

हणमंत इतका वेळ कोपऱ्यात उभे होते. काय वाटले कोणास ठाऊक, ते खाली झोपले आणि माझ्या पुढच्या भागाखाली सरकले. आयुष्यभर त्यांनी मागाखाली सरकून हेच पाहिले होते, कुठे काय कशाला घासते आहे. त्यांचा हात एका नळीवरून फिरत गेला. ती नळी धरून ठेवणाऱ्या एका लोखंडी पट्टीखालचे रबर कधीच गळून पडले होते. नळी त्या लोखंडाला वर्षानुवर्षे घासत होती. तिथे तेलकट चिकट धुळीचा थर होता. हणमंतांनी तो अंगठ्याने पुसला, आणि सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून बारीक वारा त्यांच्या बोटाला लागला.

त्यांचे बोट तिथेच थांबले.

मित्रांनो, त्या घटकेला फक्त मला ठाऊक होते की त्यांना गळती सापडली आहे. त्यांनी बोट काढून घेतले असते, गप्प बाहेर आले असते, तर मी भंगारात गेले असते आणि त्यांची मुलगी सुखरूप घरात राहिली असती. कोणालाही कधी कळले नसते. त्यांचा श्वास मला खालून ऐकू येत होता. वर संघप्रिया येसूबाईंना हळू आवाजात म्हणत होती, "आई, राजीनामा मीच लिहीन. पप्पांना लावू नको लिहायला."

"शंकरप्पा," खालून आवाज आला.  "फेस द्या हिकडं. हितं हाय."

फेस लावताच तिथे बुडबुड्यांचा झुपका उसळला. संघप्रियाने तोंडावर हात दाबला.

मग सगळे रीतीने झाले. नवी नळी बसवली, सांध्यांचे रबर बदलले, पट्टीखाली जाड रबर घातले. पुन्हा दाब भरून पाहिला. या वेळी काटा जागचा हलला नाही. पंपाने आतली हवा आणि ओल खेचून काढली. शेवटी बॉनेटखालचा जुना कागद पुसून, त्यावर लिहिलेल्या वजनाचाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरला. कमी नाही, जास्तही नाही.

"आता उन्हात लावून बघू," शंकरप्पा म्हणाले.

मला भर उन्हात उभे केले. संघप्रिया स्टेअरिंगवर बसली, काचा वर केल्या, बटण दाबले. टक्. आणि तो आवाज थांबला नाही. माझ्या जाळीतून हिवाळ्यातल्या सकाळसारखा वारा सुटला. तिने दोन्ही हात पुढे धरले आणि डोळे मिटले.

हणमंत सावलीत गेले नाहीत. काचेला नाक लावून ते तिच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले, तो लाल होतोय का, हे पाहत. बराच वेळ झाला. सदरा पाठीला चिकटला, कपाळावरून धारा लागल्या. शेवटी संघप्रियाने काच खाली केली आणि ओढणीने त्यांचे तोंड पुसले.

"किती घाम आलाय पप्पा तुम्हाला," ती हसत म्हणाली. "मागं बसा. गाडी मी चालवते."

ते निमूटपणे मागे बसले.

आता मी नातेपुत्याला दवाखान्याच्या आवारात, कडुलिंबाखाली असते. मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू सारखी सारखी रिती होत असेल, तर ती नुसती भरत राहू नका. खाली वाका, धूळ पुसा, बोट फिरवा. आणि गळती सापडली, तर ती सांगायला जड गेली तरी मोठ्याने सांगा.