बरणीतले हिरवे खडे

वेणूबाईच्या घरात देव्हारा नव्हता, ताईत नव्हता, दाराला लिंबू-मिरची नव्हती. छप्पन साली सासऱ्याने घरचे देव पोत्यात बांधून नदीत सोडून दिले, ही गोष्ट ती बुवापाड्यात नव्याने आलेल्या प्रत्येक सुनेला ऐकवी. "डोळ्यांनी दिसतं ते खरं. बाकी सगळी हवा," असं म्हणे आणि दातांवरून मशेरीचं बोट फिरवी.

तिच्या सुनेला, अंजनीला, हे बोलणं फार आवडे. अंजनीचं माहेर बदलापूरपलीकडच्या खेड्यातलं. तिथे ताप आला तरी आधी भगताला बोलावत. या घरात तिला भीती वाटत नसे.

एकोणनव्वदच्या दिवाळीनंतर वेणूबाईच्या उजव्या बरगडीखाली कळा येऊ लागल्या. तिचा मुलगा शिवराम रंगाच्या कंपनीत होता. त्याने रजा टाकून आईला कल्याणला नेलं, सोनोग्राफी केली. पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, पिशवी काढावी लागेल, असं सांगून डॉक्टरांनी थंडी सरतानाची तारीख दिली.

घरी आल्यावर वेणूबाईने तो काळा फोटो दाराच्या उजेडात धरला.

"शिवा, यात खडे कुठेत? मला तर नुसता धूर दिसतोय."

"डॉक्टरला दिसतात ना, आई."

"भगतालाही भूत दिसतं. म्हणून त्याचं ऐकलं का आपण कधी? ह्यांना दिसतं म्हणून माझं पोट फाडून घेऊ?"

शिवरामने फोटो पाकिटात घालून फळीवर ठेवला. अंजनी मात्र मनात चरकली. सासूचं बोलणं नेहमीसारखंच होतं, पण या खेपेला ते भलत्याच वाटेला लागलं होतं.

शेजारच्या सगुणाबाईलाही खड्यांचाच त्रास होता. तीच एक दिवस बातमी घेऊन आली. उल्हासनगरला, दोन नंबर कॅम्पात, कापडाच्या दुकानामागे गुरुदत्त म्हणून कोणी बसतो. पूर्वी कुठे कंपाउंडर होता. बिनऑपरेशनचे खडे पाडतो.

"मंत्रबिंत्र करतो का गं तो?" वेणूबाईने विचारलं.

"छ्या. मीठ, तेल नि लिंबू. सकाळी खडे बाहेर. हातात घेऊन बघायचे."

हातात घेऊन बघायचे म्हटल्यावर वेणूबाईचं ठरलंच.

गुरुदत्तने सांगितल्याप्रमाणे दिवसभर उपास झाला. संध्याकाळी जुलाबाचं मीठ पाण्यातून दिलं. मग अंजनीनेच पेलाभर गोडेतेलात लिंबाचा रस घुसळला. तो पांढरट पिवळा घोट वेणूबाईने नाक दाबून घशाखाली उतरवला आणि उजव्या कुशीवर पडून राहिली.

सकाळी जुलाब झाले, तेव्हा खाली चाळणी धरायचं कामही अंजनीकडेच आलं. पाणी ओतलं आणि चाळणीत खरंच हिरवे गोळे राहिले. वाटाण्याएवढे, काही हरभऱ्याएवढे, चकचकीत. तिने ते बादलीत टाकले तर वर तरंगू लागले.

"आत्या, खडा तरंगतो का हो?"

"पित्ताचा आहे तो. डोंगरातला नव्हे. बरणी आण."

खडे पाण्यात घालून बरणी माठाशेजारी, गारव्याला ठेवली. आळीतल्या बायका बघायला येऊ लागल्या. बरणी या हातातून त्या हातात जाई. सगुणाबाईने तर एक खडा तळहातावर घेऊन पुन्हा पुन्हा उलटवून पाहिला. "आता बघा, हे दिसतंय," वेणूबाई म्हणे, "तो फोटो नेऊन चुलीत घाला." ऑपरेशनची तारीख आली नि गेली.

कळा मात्र थांबल्या नाहीत. कोणी आलं की वेणूबाई पदर तोंडात धरून हसे. त्यामागची कळ एकट्या अंजनीला दिसे. ती काही म्हणाली की उत्तर ठरलेलं, "उरलेले सुटतायत."

चैत्रातल्या दुपारी तिला हुडहुडी भरली. उन्हाने पत्रा तापलेला आणि ती दोन गोधड्यांखाली कुडकुडत होती. डोळे हळदीसारखे पिवळे. लघवी सकाळपासून काळ्या चहासारखी होत होती, तेही तिने आत्ता सांगितलं. शिवराम कंपनीत होता.

पाणी घ्यायला अंजनी माठाकडे गेली आणि तिचा हात थांबला. बरणीत खडे नव्हते. पाण्यावर हिरवट तेलाचा थर जमला होता. झाकण काढताच लिंबाचा खवट वास आला. त्या थरात एकच गोळा उरला होता, तोही बोटात धरताच साबणासारखा चेपला.

ती बरणी घेऊन सासूजवळ बसली. "आत्या, बघा."

वेणूबाईने तिचं बोट नाकाशी नेलं. मग अंगठ्याने तो बुळबुळीत लगदा चोळून पाहिला.

"हे तर मी प्यायले तेच आहे."

"हो."

"म्हणजे ते अजून..." तिचा हात बरगडीखाली गेला. "रिक्षा आण, पोरी. आणि बरणी घे बरोबर."

रिक्षा आळीतून निघाली तेव्हा सगुणाबाई दारात बसून लिंबं पिळत होती. सकाळपासून तिचा उपास होता. वेणूबाईने रिक्षा थांबवायला लावली.

"सगुणे, पिऊ नको ते. ते खडे नव्हतेच. आपलंच तेल गोठून बाहेर पडलं."

सगुणाबाईने तिच्या पिवळ्या डोळ्यांकडे पाहिलं. "ताप चढलाय तुला, वेणू."

"अंजनी, बरणी दाखव तिला."

सगुणाबाईने बरणी उजेडात धरली. "यात काय बघू? तेल दिसतंय मला."

"तेच सांगतेय मी."

"मी खडे बघितलेत, बाई. ह्या डोळ्यांनी. ह्या हातावर धरले. तूच दाखवलेस." तिने बरणी परत अंजनीच्या मांडीवर ठेवली. "जा, बरी होऊन ये. मग बोलू."

वेणूबाईने तोंड उघडलं, पण दात वाजू लागले आणि शब्द फुटेना. तिचं डोकं अंजनीच्या खांद्यावर कलंडलं. लुगड्यातूनही चटका लागावा एवढं ते तापलं होतं.

"चला, दादा, लवकर," अंजनी रिक्षावाल्याला म्हणाली.

वळणावर तिने मागे पाहिलं. सगुणाबाईने पुढचं लिंबू हातात घेतलं होतं.