म्हातारीचा दुसरा डोळा

विद्याधर सरांनी ओलं फडकं फिरवलं आणि म्हातारीचा डावा डोळा दुसऱ्यांदा पुसून टाकला.

"सर! आत्ताच काढला होता मी," गंधाली ओरडली.

"मूळ चित्रात दिसतोय का तो?"

समोर एका जुन्या युरोपीय चित्राची छापील प्रत टाचलेली होती. दिव्यापाशी बसलेली म्हातारी. चेहऱ्याची एक बाजू पिवळ्या उजेडात, दुसरी पार काळोखात.

"दिसत नाही. पण आहे ना!"

"दिसतं तेवढंच काढायचं. किती वेळा सांगू?"

गंधालीने ब्रश पाण्याच्या डब्यात आपटला. उद्यापासून तिचा नववीचा कोचिंग क्लास सुरू होणार होता. चित्रकला बंद, असं बाबांनी ठरवलं होतं. सरांच्या मुलुंडच्या घरातला हा तिचा शेवटचा रविवार. आज झालं नाही, तर चित्र अर्धवटच घरी जाणार होतं.

तिने ती बाजू पुन्हा काळी केली. भिंतीला ओल आल्यासारखी दिसली, नुसती सपाट.

"वाट लागली," ती पुटपुटली.

बेल वाजली. सोसायटीच्या सेक्रेटरींशी दारात बराच वेळ बोलून सर परत आले, तर डोळा पुन्हा जागेवर, पापणीसकट. त्यांनी फडकं उचललं.

"आता नाही निघणार. पंख्याखाली सुकवलाय."

"मग गेलं हे चित्र फुकट!" सरांचा आवाज चढला. तो त्यांचा त्यांनाच आवडला नाही.

गंधालीने बाहीने नाक पुसलं. तपकिरीत निळा कालवला, पाणी ओतलं आणि तो पातळ रंग डोळ्यावरून ओढला. सुकवला. पुन्हा ओढला. पुन्हा.

"घ्या. नाही दिसत आता. खूश?"

सर बोलायला पुढे झाले आणि थांबले. दोन पावलं मागे गेले, मग बाजूला सरकले. डोळा कुठेच नव्हता. म्हातारी मात्र त्या काळोखातून बघत होती.

"आता काय चुकलं?" गंधालीने विचारलं.

"सही कर."

तिला न्यायला बाबा आले.

"झकास! पण एक डोळा राहिला की गं."

"राहिला नाही, बाबा. आहे."

बाबांनी सरांकडे पाहिलं. सर फडकं पिळत होते.

"क्लास सुटल्यावर ती याच रस्त्याने जाईल ना घरी? तासभर चित्र काढून जाऊ दे की," सरांनी विचारलं.

"हो. पण तेव्हा भूक लागलेली असेल हो तिला."

"पोहे मला बरे जमतात," सर म्हणाले.