अर्ध्या मिशीची पैज

पैज लागली ती मिशीवरून. शेजारचा सलूनवाला, ज्याला सगळी बिल्डिंग 'वस्तरा' म्हणायची, छाती ठोकून म्हणाला, "आठ दिवसांत तुझी पोर लिफ्टमधून सातव्या मजल्यावर गेली, तर फाटकात खुर्ची टाकून माझी अर्धी मिशी उतरव. नाही गेली, तर तुझी!" लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि पोरीच्या लिफ्टवाल्या बापाने, काय बुद्धी झाली कोण जाणे, टाळी दिली.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बाप जगाच्या लिफ्टा दुरुस्त करणार आणि त्याची चिमणी लिफ्टचं तोंड बघणार नाही. मध्यंतरी वीज गेली, ती दोन मजल्यांच्या अधेमधे एकटीच अडकली, तेव्हापासून. दिवसभर राबून आलं की तिचं बोट धरून सात मजले चढायचे. पायांचे तुकडे पडायचे.

पहिल्याच दिवशी त्याने विद्या पाजळली. "हे बघ, लिफ्टला चार दोर असतात. तीन तुटले तरी चौथा धरतो."

चिमणीने हळूच विचारलं, "दोर तुटतात?"

बिचारी तोवर फक्त अंधाराला भीत होती.

"शाबास!" बायको म्हणाली. "आता रात्री तूच झोप तिच्याजवळ. चौथा दोर हो."

मग त्याने तोंडाला कुलूप लावलं. दुसऱ्या संध्याकाळी खाली लिफ्टचं दार उघडं ठेवून आत फतकल मारली. चिमणी बाहेर पायरीवर.

"तू म्हणशील तेव्हाच वर जायचं. शब्द माझा."

बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. जाग आली तर चिमणी आत, दार उघडं ठेवणाऱ्या बटणावर बोट दाबून उभी, बोट पांढरंफटक.

"तू झोपलास ना, बाबा. कुणी वरून बोलावलं असतं तर एकटाच गेला असतास."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. अजून वाटतेय. चल ना बाहेर."

पुढे रोज तेच. कधी दार लावून लगेच उघडायचं. एकदा ती घामाघूम होऊन पळाली, पण दुसऱ्या दिवशी आपणहून हजर. शेजारीण पिशव्या सावरत करवादली, "ही लिफ्ट आहे की तुमचा दिवाणखाना?" तो दमून नुसता हसला.

आठव्या संध्याकाळी सगळी बिल्डिंग खाली जमली. दोघं आत गेले. दार लागलं. चिमणीने त्याचा शर्ट मुठीत धरला.

"बाबा, आज एवढंच."

त्याचं बोट साताच्या बटणापाशी. नुसतं टेकवायचं, मिशी वाचली आणि आजचे जिनेही वाचले. गुडघे ठणकत होते. चिमणी बटणाकडे बघतच नव्हती, ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

त्याने दार उघडलं. "हरलो रे बाबांनो."

फाटकात खुर्ची आली, साबणाचा फेस आला, शिट्ट्या आल्या. वस्तऱ्याने वस्तरा उगारला तशी चिमणी बापाला खेटून उभी राहिली.

"बाबा, भीती वाटतेय?"

"थोडी."

"मग काका, सावकाश. तो थांबा म्हणाला की थांबायचं हं."

वस्तरा हात चालवायला गेला की चिमणी विचारायची, "बाबा, थांबू दे का?" आणि तो दमलेला माणूस, डोळे मिटून, आरामात म्हणायचा, "थांबू दे."

अर्धी मिशी उतरेपर्यंत वस्तऱ्याच्याच नाकी नऊ आले.