कडुनिंबापासून तिसरी

ईस्टरच्या आदल्या दिवशी विश्वास उजागरेंची पाठ धरली. तिला धरायला दुसरा दिवस मिळाला नाही. बिछान्यावर आडवे पडून ते छताकडे बघत म्हणाले, "सुमित्रा, आज तुलाच जावं लागेल गं. मला वाकताच येत नाहीये."

जायचं कुठे ते दोघांनाही ठाऊक होतं. पुनरुत्थानाच्या दिवशी, म्हणजे ईस्टरला, पहाटे सगळी मंडळी कब्रस्तानात जमते, मेणबत्त्या लावते, गाणी म्हणते. त्याच्या आदल्या दिवशी ज्याने त्याने आपापल्या माणसाची कबर साफ करून तिला चुना लावायचा, ही भोपाळच्या त्यांच्या चर्चमधली जुनी रीत. गेल्या वर्षी त्यांच्या मुलाच्या, प्रतीकच्या कबरीचं सगळं विश्वासनी एकट्यानं केलं होतं. सुमित्रानं दफनाच्या दिवसानंतर तिथे पाऊल टाकलं नव्हतं.

"नाही गेले तर?" ती म्हणाली.

"तर उद्या पहाटे सगळ्यांच्या कबरी पांढऱ्याशुभ्र आणि आपल्या पोराची तेवढी मातीची. बघ बाई."

हे मात्र लागलं. देवाशी बोलणं सोडलं तरी लोकलाज काही सुटत नाही. ती उठली, चुना भिजवला, बादली, कुंचा, खुरपं घेतलं आणि दारात थांबून म्हणाली, "जाते. पण हे शेवटचं. उद्या पहाटे मी येणार नाही. आणि ईस्टर झाला की पाळकसाहेबांना सांगा, माझं नाव मंडळीच्या यादीतून काढून टाका. मला खोटं खोटं बसवत नाही तिथे." विश्वासनी डोळे मिटून घेतले. सोळा महिने ते हीच भीती उशाशी घेऊन झोपत होते.

सुमित्रा अरेरा कॉलोनीतल्या एका शाळेत गणित शिकवायची, आणि तिचा हिशेब सरळ होता. मंडीदीपच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून येताना प्रतीकच्या मोटरसायकलला ट्रकनं उडवलं. चोवीस वर्षांचा मुलगा. अकरा दिवस तो दवाखान्यात होता आणि अकरा दिवस ती अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर गुडघे टेकून होती. इतकी प्रार्थना तिनं उभ्या जन्मात केली नव्हती. बाराव्या दिवशी तो गेला. म्हणजे ऐकणारं कुणी नव्हतं. लोक म्हणाले देवाची इच्छा, लोक म्हणाले तो चांगल्या जागी आहे. लोकांना काहीतरी म्हणावंच लागतं. ती मात्र तेव्हापासून इतकी दमली होती की रात्रभर झोपून उठलं तरी पाय ओढत चालायची. रडूही येत नव्हतं. रडायलासुद्धा थोडा जोर लागतो.

अवधपुरीच्या घरून ऑटो करून ती पोहोचली तेव्हा साडेआठ वाजले होते आणि ऊन आत्ताच चावायला लागलं होतं. जागा कमी पडते म्हणून इथल्या कमिटीनं पक्क्या कबरी बांधणं बंद केलं होतं. नव्या भागात सगळ्या मातीच्या, सगळ्या एका मापाच्या, प्रत्येकीच्या डोक्याशी लोखंडी क्रूस आणि क्रूसावर नावाची पाटी. पण आज पाट्याच नव्हत्या. दरवर्षी ईस्टरच्या आधी त्या रंगवायला नेतात आणि संध्याकाळपर्यंत परत लावतात. हे सांगायचं विश्वासच्या डोक्यातून गेलं असणार. फोन करावा असं तिच्या मनात आलं, आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली. स्वतःच्या मुलाची कबर कुठली, हे नवऱ्याला विचारायचं?

पण तिला आठवत होतं. त्या दिवशी, पेटी खाली सोडताना, तिनं तिकडे बघायचं नाही म्हणून कबरी मोजल्या होत्या. कोपऱ्यातल्या कडुनिंबापासून तिसरी. गणिताच्या बाईंची मोजणी, चुकायची कशी?

ती तिसऱ्या कबरीपाशी बसली आणि कामाला लागली. तण माजलं होतं. विश्वास महिन्यातून एकदा येतात ना, मग हे एवढं गवत कसं, असं एकदा मनात आलं, पण म्हटलं, म्हणूनच तर पाठ धरली असेल. खुरप्यानं मुळं उपटली, ढेकळं फोडली, कडा ठोकून सारख्या केल्या. आणि काम करता करता तोंड सुरू झालं. सोळा महिन्यांत देवाशी अवाक्षर न बोललेली ती बाई आता पुटपुटत त्याला फैलावर घेत होती. "बघितलंस? बघ नीट. कुणी कुणाची कबर लिंपायची, एवढंही कळत नाही तुला? आणि तू आहेस तरी कुठे म्हणा. मी आपली भिंतीशी बोलतेय." चुन्याचे तीन हात दिले. बादली रिकामी झाली. वाटेत घेतलेली झेंडूची फुलं क्रूसाला वाहिली आणि ती मागे सरकून बसली. कंबर मोडली होती. आत काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचंच तिला सगळ्यात वाईट वाटलं.

तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. ऑटोवाल्यानं चुन्याची एक बादली आणून आत ठेवली. त्याच्या मागून एक सत्तरीची बाई काठी टेकत, दर चार पावलांना थांबत आली. कमलबाई वाघचौरे. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायच्या, एवढीच सुमित्राची ओळख. बाई त्या पांढऱ्या कबरीसमोर येऊन उभ्या राहिल्या, तोंडावर हात ठेवला आणि एकदम मोठ्यानं म्हणाल्या, "प्रभू, तुझे उपकार! तुझे उपकार रे बाबा!"

"सलाम, मावशी," सुमित्रा चर्चमधल्या सवयीनं, पण गोंधळून म्हणाली. "काय झालं?"

"सलाम, बेटा. तू केलंस हे? माझ्या हर्षलचं?"

"हर्षल कोण? ही प्रतीकची कबर आहे. माझ्या मुलाची."

कमलबाईंनी काठीनं दाखवलं. "तुझ्या बेट्याची ही बाजूची ना? उजागरेसाहेब येतात तर मी बघते त्यांना इथे बसलेलं. गेल्या पावसाळ्यात झाडाजवळ ती एक नवी आली ना, त्यामुळे सगळ्यांची गिनती बदलली. ही माझ्या बेट्याची, हर्षलची. पाच साल झाले."

सुमित्रानं बाजूला पाहिलं. चौथी कबर. गवताचं पातं नव्हतं तिच्यावर, विश्वासनी महिन्याच्या महिन्याला निगुतीनं ठेवलेली. फक्त चुना तेवढा नव्हता. दोन तास ती प्रतीकच्या शेजारी, त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "चुकून केलं हो मावशी. तुमच्यासाठी नाही केलं."

"माहीत आहे गं. पण माझं ऐक तर." बाई क्रूसाला धरून उभ्या राहिल्या. "माझे घुटने गेले बेटा. डॉक्टर म्हणतो खाली बसली तर उठणार नाही. घरात कोणी नाही. सकाळपासून मी पूर्ण रस्ता हेच म्हणत आली, प्रभू, चुना तर मी भिजवला, आता लावणार कोण? तू माणूस पाठव. आणि बघ, मी येण्याच्या आधीच पाठवला."

सुमित्राच्या डोक्यात सणक गेली. ती उभी राहिली. "तुमचा चुना ऐकला त्यानं? चुना? आणि मी अकरा दिवस गुडघ्यावर होते मावशी, अकरा दिवस! माझ्या पोरासाठीचं नाही ऐकलं त्यानं? हा कसला न्याय?"

आता बाई देवाची इच्छा म्हणणार, याची ती वाटच बघत होती. म्हटलं असतं तर बादली उचलून ती सरळ फाटकाबाहेर गेली असती.

कमलबाईंनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाल्या, "मला नाही माहीत. सच्ची सांगते, नाही माहीत. हर्षलच्या वेळी मी पण विचारलं. पाच साल विचारते आहे. नाही सांगितलं त्यानं अजून. मी वर गेली की पहिलं हेच विचारणार." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "पण एकटं नाही सोडलं मला. रोज कोणी ना कोणी येतं. आज तू आलीस. आणि तू तर येणार नव्हतीस ना? चेहऱ्यावर दिसतं तुझ्या."

सुमित्रा येणार नव्हती हे खरंच होतं. विश्वासची पाठ, गायब पाट्या, झाडाखालची नवी कबर, तिची पक्की मोजणी, सगळं तिनं मनात एकाखाली एक मांडून पाहिलं. योगायोग म्हणता आलं असतं. कालपर्यंत तिनं म्हटलंही असतं. पण सकाळभर ज्याच्याशी ती भिंत समजून बोलत होती, त्याच्याशीच त्याच वेळी दुसऱ्या रस्त्यानं एक म्हातारी बोलत येत होती, आणि त्या म्हातारीला उत्तर मिळालं होतं. ते उत्तर म्हणजे चुन्यानं माखलेले हे आपलेच हात. ती खाली बसली, प्रतीकच्या कबरीवर दोन्ही हात ठेवले आणि रडली. सोळा महिन्यांचं साठलेलं होतं, ते लवकर संपलं नाही. कमलबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. उगी उगी म्हटलं नाही.

मग बाईंच्या बादलीतला चुना सुमित्रानं प्रतीकच्या कबरीला लावला. बाई उभ्या उभ्या कुठे राहिलंय ते दाखवत होत्या, "इकडे, कोपऱ्यात, थोडं अजून," आणि सुमित्रा न चिडता लावत होती. दमणूक तशीच होती. प्रतीक गेलेलाच होता. पण आज पहिल्यांदा तिनं त्याच्या क्रूसाकडे नजर न चुकवता पाहिलं.

"प्रार्थना कर," कमलबाई म्हणाल्या.

"मला येत नाही आता."

"येते तशी कर. त्याला काय परीक्षा घ्यायची आहे?"

सुमित्रानं पदर डोक्यावर घेतला. "प्रभू," ती म्हणाली. "मी सुमित्रा. मी अजून रागावलेय तुझ्यावर. खूप रागावलेय. पण तू ऐकतोस, हे आज मला कळलं. मग आता ऐक. माझ्या पोराला जप. विश्वासची पाठ बरी कर, त्यांनी फार सोसलंय. आणि मला…" स्वतःसाठी काय मागावं ते तिला सुचेना. हातावरचा चुना वाळून कातडी ताणत होता. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "उद्या पहाटे येते."

आमेन म्हणायचं राहूनच गेलं. ते कमलबाईंनी म्हटलं.