तिघींतली थोरली नळी

मित्रांनो, मी चांदीची आहे, पण दागिना नव्हे. मी बोटाएवढी, वाकडी आणि आता बरीच जुनी झालेली नळी आहे. घशात गाठ वाढून एखाद्याचा श्वास कोंडला, की डॉक्टर त्याच्या गळ्याला पुढून भोक पाडतात आणि त्यात आमच्यासारखी नळी बसवतात. मग तो माणूस नाकानं नाही, नळीतून श्वास घेतो. ऐकायला भयंकर वाटतं ना? पण त्यानं जीव वाचतो.

हैदराबादेतल्या एका कारागिरानं आम्हा तिघी बहिणींना घडवलं. मी थोरली, सगळ्यांत जाड. माझ्याखालची मधली, आणि धाकटी तर अगदीच बारीक. प्रत्येकीच्या आत आणखी एक पातळ नळी होती. ती काढून धुवायची आणि परत बसवायची, म्हणजे बाहेरची नळी जागची हलवावी लागत नाही.

तो निजामाच्या राज्याचा काळ. मुरुम गावात डॉक्टर आण्णासाहेबांचा दवाखाना होता आणि त्यांच्या कपाटात आमची लाकडी पेटी. पेटी उघडली की मी मनात म्हणायची, आज माझीच पाळी. छे! दर वेळी मधलीच जायची. कधी एखाद्या किरकोळ अंगाच्या बाईला धाकटी. मी तशीच पडून. मधली परत आली, उकळून पुसून माझ्या शेजारी बसली, की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. काय एवढं सोनं लागलंय हिला? मी हिच्यापेक्षा जाड, हिच्यापेक्षा वजनदार. मग हिलाच का मान?

एकदा महालिंगप्पांना बैलगाडीतून आणलं. मुरुमच्या बाजारातले तुरीचे व्यापारी. धिप्पाड देह, मान खांबासारखी. घशातल्या गाठीनं श्वास अडकला होता, ओठ निळे पडले होते. त्यांच्या पत्नी, नागम्मा, दाराशी उभ्या राहून "शिवा, शिवा" करत होत्या.

मी म्हटलं, आता बघते कोण येतं आडवं! एवढ्या मोठ्या गड्याला मीच लागणार.

डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडलं, आतली श्वासनळी नीट पाहिली आणि मधलीला उचललं.

"देह थोर आहे, पण श्वासनळी बेताचीच," ते कंपाउंडर गोरोबाला म्हणाले. "मधलीच बसंल."

महालिंगप्पांच्या छातीत वारा शिरला, ओठांचा रंग पालटला. सगळ्यांना आनंद झाला. मला? खोटं कशाला बोलू, मला मेलीला रडू फुटायचं बाकी होतं.

ते सावरून घरी गेले, पण गाठ होतीच, म्हणून मधलीही त्यांच्याबरोबर गेली. लिंगायत असल्यानं गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी होतीच, तिच्या वर आता ही बाई ऐटीत बसली. पुढं नवऱ्याला दाखवायला आल्या तेव्हा नागम्मा कौतुकानं सांगत होत्या, "सकाळ-संध्याकाळ आतली नळी काढती, उकळत्या पाण्यात धुती. ह्यांचा जीवच हाय की त्यात. लिंगाची पूजा झाली की नळीलाबी हात जोडती."

हात जोडती! नळीला! त्या दिवशी पेटीत माझी जी जळजळ झाली ती कुणाच्या वाट्याला न येवो.

पण काही दिवसांनी भर दुपारी नागम्मा धावत आत शिरल्या. मागून दोघांनी धरून महालिंगप्पांना आणलं. छाती भात्यासारखी उडत होती आणि नळीतून नुसती शिट्टी वाजत होती. डॉक्टरांनी आतली नळी ओढली, ती निघेना. कडेला राखाडी, दगडासारखा थर बसला होता.

"हे काय लावलंत हिला?"

"विभूती लावली, साहेब," नागम्मा रडत म्हणाल्या. "रोज कपाळाला लावतो, गळ्याला लावतो. नळी गळ्यातच हाय, म्हणून धुतल्यावर तिलाबी आतून-बाहेरून लावत हुते. बरं वाटावं म्हणून."

भस्म आणि कफ मिळून नळी बुजली होती. डॉक्टरांनी मधली पूर्ण उपसून काढली. गळ्याचं भोक लगेच आकसायला लागलं. गोरोबानं पेटी पुढं धरली. आत आम्ही दोघीच.

नागम्मांनी माझ्याकडं बोट केलं. "ती मोठी घाला की, साहेब! मोठीतनं जास्त वारा जाईल!"

अहो, माझ्या बाजूनं बोलणारं पहिलं माणूस! डॉक्टरांनी मला उचललंसुद्धा. मला त्या गळ्याची ऊब जाणवली. क्षणभर वाटलं, मधलीचं नाक कापलं आज.

"न्हाय," डॉक्टर म्हणाले. "आकसलेल्या भोकात ही रेटली तर आत फाटंल, रक्त उतरंल. नागम्मा, मग ह्यांचा श्वास मला परत आणता यायचा न्हाय."

त्यांनी मला बाजूला ठेवलं आणि धाकटीला घातलं. ती सुळकन आत गेली. फुस्स करून वारा सुटला. महालिंगप्पांनी डोळे उघडले, हळूच बोटानं नळीचं तोंड झाकलं, म्हणजे थोडा वारा गाठीच्या कडेनं वर जाऊन आवाज फुटतो, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "नागम्मा, रडू नगंस."

नागम्मा नवऱ्याला धरून जवळ बसल्या. डॉक्टर समजावत राहिले, "विभूती कपाळाला लावा. नळीला फक्त उकळलेलं पाणी. आणि गळ्याला लावायची तर नळीपासून लांब." त्या प्रत्येक शब्दाला मान हलवत होत्या.

पुढं भोक सैल झाल्यावर मधली साफ होऊन परत त्याच गळ्यात गेली. महालिंगप्पा तुरीच्या ढिगापुढं बसून नळीला बोट लावून भाव बोलायला लागले, असं गोरोबा सांगायचा. मी मात्र पेटीतच. अजून कुणाचाही श्वास माझ्यातून गेलेला नाही.

मित्रांनो, त्या दुपारी मला निवडलं असतं, तर माझी हौस फिटली असती आणि नागम्मांचं कुंकू पुसलं असतं. हे मला कळतं. कळूनही मी जळते, स्वभावाला काय करू? पण तुमच्यापैकी कुणी उद्या डॉक्टर झालात, तर एवढं ऐका. नळी धुवा, उकळा, तिच्यात काही घालू नका. आणि निवडताना मी कितीही पुढं पुढं केलं, तरी माझ्याकडं बघू नका. समोरच्याचा गळा बघा, आणि मला पेटीत ठेवून द्या.