बिस्किट खात नाही

आमच्या घरात कोणीतरी काहीतरी करत होतं आणि ते कोण, हेही मला माहीत होतं. फक्त पुरावा हवा होता.

बिस्किट म्हणजे माझ्या मुलीचा, सावनीचा साप. कॉर्न स्नेकचं पिल्लू, पेन्सिलीएवढं, नारिंगी. अमेरिकेतलंच कॅरी गाव सोडून अल्फारेटाला राहायला आल्यापासून बारा वर्षांची ही पोर गप्पगप्प झाली होती. शाळेत मैत्रीण नाही, जेवताना मान वर नाही. साप आला आणि ती बोलायला लागली. म्हणून तर झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी मी साप घरात घेऊन बसले!

पण बिस्किट खाईना. तीन आठवड्यांत तीन वेळा उंदराचं पिल्लू पुढे धरलं. दर वेळी तो जवळ यायचा, जीभ लवलव करायचा आणि तोंड फिरवून निघून जायचा. जिच्याकडून आणला ती बाई म्हणाली, शनिवारपर्यंत खाल्लं नाही तर परत आणा, नाहीतर मरेल. हे ऐकून सावनीनेही ताट सरकवलं.

बाईने सांगितलं ते सगळं केलं होतं आम्ही. त्याला हात लावला नाही, पेटीखालचा हीटर तपासला, काचेला टॉवेल गुंडाळला, पिल्लू कोमट पाण्यात ठेवून गरम करून दिलं. तिच्याकडे हाच साप हेच उंदीर मुकाट खात होता. मग आमच्याकडेच काय धाड भरली?

माझा संशय आईंवर होता. आई म्हणजे सासूबाई, नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. घरात अंडं शिजलं तरी त्यांना खिडक्या उघडाव्या लागतात. साप त्यांना चालला, "असू दे, देवाचं जनावर आहे," म्हणाल्या. उंदीर चालले नसते. म्हणून माझ्या नवऱ्याने, देवदत्तने, ठोकून दिलं, "आई, तो गोळ्या खातो. व्हिटॅमिनच्या." हा पठ्ठ्या एवढं बोलून ऑफिसला मोकळा आणि गोठवलेले उंदीर गराजमधल्या फ्रीजरमध्ये दडवायचं काम माझ्या गळ्यात. दडवले मी. असे दडवले की देवदत्तलाही सापडले नसते.

तरी आईंचं काहीतरी चाललं होतं. एका दुपारी त्या गराजमधून आल्या आणि तडक बाथरूममध्ये गेल्या. सकाळी अंघोळ झालेली असताना पुन्हा अंघोळ! आमटी करते म्हणाल्या होत्या, पिठलं केलं. दुसऱ्या दिवशी बघते तर बिस्किटच्या पेटीसमोर उभ्या, ओठ हलताहेत. त्या गेल्यावर मी त्याच्या पाण्याची वाटी उचलून हुंगली. दूध नव्हतं. मग काय घातलं असेल? तीर्थ? अंगारा? की हीटरची पिन काढतात हळूच?

मी सावनीला बजावलं, "आजीला तुझ्या खोलीत येऊ द्यायचं नाही."

"व्हाय? शी लाइक्स हिम!"

"सांगितलं ना एकदा. दार लावून घेत जा."

आईंनी त्यानंतर दोनदा ते दार वाजवलं. "सावनी, एक सांगायचं होतं गं." दोन्ही वेळा मीच आडवी गेले. होमवर्क करतेय म्हटलं. त्या परत फिरल्या आणि मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं!

शुक्रवारी चौथं पिल्लूही तसंच पडून राहिलं. सावनी पेटीपुढे बसून रडत होती. माझं डोकंच फिरलं. खाली स्वयंपाकघरात जाऊन मी आईंना सरळ विचारलं, "आई, खरं सांगा. त्या दिवशी गराजमध्ये काय करत होतात?"

त्या कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मसाला आणायला गेले होते, आमटीला. मी आणलेली गोड्या मसाल्याची चंदेरी पिशवी उघडली, तर आत उंदीर."

मसाला मी बरणीत काढला होता. एवढी जाड, झिपवाली, आरपार न दिसणारी पिशवी टाकून द्यायला माझा जीव होईना. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवणाऱ्या घरातली मी! झटकली आणि उंदीर त्यातच ओतले होते.

"दोनदा अंघोळ केली मी," आई म्हणाल्या. "बोलले नाही. मला कळू नये म्हणून एवढा खटाटोप केलात, मला कळलंय म्हटल्यावर पोरीचा साप घालवला असतात."

"पण मग सावनीचं दार का..."

"अगं, दगडफूल, हिंग, भाजलेलं खोबरं! आमच्याकडे मसाला कुटला की अख्ख्या गल्लीला कळतं. ते सापाचं पिल्लू जिभेने वास घेतं, हे सावनीनेच मला सांगितलंय. त्याला पुढे आलाय तो उंदीर आहे हे कळणार कसं? हेच सांगायला येत होते. तू दारातून हलशील तर ना!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन आठवडे त्या लेकराच्या जिवाशी मी खेळत होते आणि पाळत ठेवत होते त्यांच्यावर. सॉरी म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांनी कोथिंबिरीच्या काड्या गोळा करून कचऱ्यात टाकल्या आणि वर निघून गेल्या.

शनिवारी सकाळी मी दुकानातून नवे उंदीर आणले. सावनीने एक गरम करून चिमट्याने पुढे धरला. बिस्किट आला. जीभ लवलवली. मग एकदम झडप! तोंडात धरून अंगाचा वेढाच घातला त्याने आणि हळूहळू ते पिल्लू आत जायला लागलं. सावनी तोंडावर हात दाबून हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आजी! ही इज ईटिंग! लवकर ये!"

आई आल्या, पण उंबऱ्यातच थांबल्या. "नको गं, मी इथूनच बघते."

मी उठून त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी हात मागे घेतला. "आधी धुऊन ये. साबणाने."

हात धुऊन आले तेव्हा आई सावनीशेजारी जमिनीवर बसल्या होत्या. दोघींची डोकी काचेला टेकलेली होती आणि मला जागा द्यायला कोणीच सरकलं नाही.