दोघींच्या कमरेचा पट्टा

मी पट्टा बोलतोय. पँट सावरणारा नाजूक पट्टा नव्हे. तळहाताएवढा रुंद, बोटभर जाड. पॉवरलिफ्टिंगच्या बायका वजन उचलताना पोटाभोवती आवळतात, तो.

तैवानमधल्या ताइनान शहरातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिवलं. मालकीण श्यूमान माप द्यायला आली, तेव्हा त्याची फीत अपुरी पडली. तो ओशाळला. ती हसली, "काका, दोरीने मोजा. लाजता काय!"

श्यूमान सकाळी आईबरोबर बाजारात मासळी विकते आणि संध्याकाळी जिममध्ये घाम गाळते. लहानपणी आई म्हणायची, "नुसती भुईला भार!" आता तीच माशाच्या पोटाकडचा तुकडा लेकीच्या वाडग्यात सरकवते.

ताइचुंगला आशियाई स्पर्धा होती. आमचा गट सर्वांत वजनदार बायकांचा, त्याला वरची मर्यादाच नाही. बाकीच्या गटांतल्या पोरी वजनकाट्यावर चढेपर्यंत उपाशी. आमची मात्र निवांत पेज ओरपत बसलेली.

शेवटची फेरी आली. श्यूमानने जमिनीवरून वजन उचललं. तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले, म्हणजे उचल मान्य, आणि ती तिसऱ्या जागेवर आली. आता तिला मागे टाकू शकणारी एकच उरली होती, मंगोलियाची ओयुनचिमेग. आणि नेमकं पडद्यामागे पट्टा आवळताना तिचं बकल तुटलं. तिचा कोच दुसरा पट्टा शोधायला धावला. ती तुटका तुकडा हातात धरून पांढरीफटक उभी.

श्यूमानने मला कमरेवरून सोडलं.

"वेडी झालीस?" तिचे कोच गाओ दबक्या आवाजात ओरडले. "पदक हातचं जाईल!"

"मग मी काय तिच्या बकलाला हरवायचं?" म्हणत तिने स्वतःच्या हाताने मला ओयुनचिमेगभोवती आवळलं.

मी अगदी शेवटच्या भोकावर बसलो. खरं सांगतो, क्षणभर वाटलं, निसटावं. पण आत तिचं पोट थरथरत होतं, अगदी माझ्या मालकिणीचं थरथरतं तसंच. मी गच्च धरून राहिलो.

वजन वर गेलं. तीन पांढरे दिवे. पदक ओयुनचिमेगचं.

तिने श्यूमानला अशी मिठी मारली, की दोघींच्या मध्ये माझा जीव गुदमरला. गाओ कोचनी तोंड फिरवून सामानाची पिशवी भरली. मग म्हणाले, "चल, भूक लागली असेल."

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. "पदक दिलंस ते दिलंस. पट्टा आणलास ना परत?"

आणि गंमत बघा, थोड्याच दिवसांनी आई स्वतःच जिममध्ये आली. "मासळीच्या टोपल्या उचलून कंबर धरते. बघू तुझा तो पट्टा!"

आता आठवड्यातून दोनदा मायलेकी आळीपाळीने मला बांधतात. चामडं मऊ पडलंय, कडा झिजल्यात, पण तक्रार नाही. फक्त ओलं ठेवू नका मला, बुरशी धरते.

बरं, निरोप घेतो. आई ओरडतेय, "आवळ की अजून, काचेची आहे का मी?"

कंबर कसायची वेळ झाली.